साडीच्या खोक्याचं झाकण: सांगलीतल्या एका खेळाचं प्रकरण

श्रावणातला दुसरा शनिवार. दुपारपासून पावसाची रिपरिप. आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं याची चौकशी दर अर्ध्या तासाला चाललेली, कारण चाळीस फुटांची इशारा पातळी गाठली की आमच्या गावभागातल्या सभासदांनी माळ्यावर सामान चढवायचं, सिनेमा बघायचा नाही. आणि विश्रामबागेतल्या एका छोट्या सभागृहात आम्ही पाच-सहाजण साडीच्या खोक्याचं झाकण हातात घेऊन उभे. ते प्रोजेक्टरच्या भिंगापुढे किती अंतरावर धरलं म्हणजे पडदा पुरता काळा होईल, याची तालीम चालली होती. लांब धरलं की कडेनं उजेड निसटायचा. जवळ धरलं की धरणाऱ्या पोराची बोटं मध्ये यायची आणि पडद्यावर हत्तीच्या पायाएवढी दिसायची.

ते झाकण तिथवर कसं आलं आणि त्यानं नेमकं काय झाकलं, त्याची ही हकिगत. मंडळाचा सचिव (म्हणजे खुर्च्या मोजणारा) म्हणून बराचसा दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं मंडळ लहान. पन्नासेक सभासद, महिन्याला एक चित्रपट, तिकीट नाही, मध्यंतरात चहा आणि भडंग. त्या महिन्यात कोणाच्या तरी पुतण्यानं अमेरिकेतून ‘क्रम्ब’ या माहितीपटाची ब्लू-रे आणली. तिकडची तबकडी आपल्या प्लेअरवर चालत नाही, त्यांचा विभाग ‘ए’ आणि आपला ‘सी’. तेव्हा पुतण्याला प्लेअरसकट बोलवावं लागलं. एवढी यातायात केलीच आहे तर दाखवूनच टाकू, असं वातावरण झालं. अर्ध्या कमिटीनं ‘व्यंगचित्रकारावरचा माहितीपट’ एवढंच ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे चौकटीचा कोट घातलेला सामान्य माणूस होता.

रॉबर्ट क्रम्ब हा तसला व्यंगचित्रकार नव्हे. जन्म १९४३, फिलाडेल्फिया. तरुणपणी क्लीव्हलँडला शुभेच्छापत्रं बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढायचा. तिथून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि १९६८ साली ‘झॅप कॉमिक्स’ काढलं. पहिले अंक बाबागाडीत रचून रस्त्यावर विकले. अमेरिकेत १९५४ पासून कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली होती. तिचा शिक्का नसला की दुकानदार अंक ठेवायचे नाहीत. क्रम्ब आणि त्याच्या जोडीदारांनी तो शिक्काच धुडकावला आणि हिप्पी लोक चिलमी-पोस्टरं घ्यायला जायचे त्या दुकानांतून अंक विकले. याचंच नाव अंडरग्राउंड. जॅनिस जॉप्लिन या गायिकेच्या बँडच्या रेकॉर्डचं गाजलेलं मुखपृष्ठ त्याचंच. त्याच्या फ्रिट्झ नावाच्या बोक्यावर १९७२ मध्ये दुसऱ्या कोणी कार्टूनपट काढला. तो आवडला नाही म्हणून यानं त्याच वर्षी एका गोष्टीत बोक्याला ठार मारून टाकलं. बर्फ फोडायचा टोच्या डोक्यात घालून.

एवढ्यावर थांबला असता तर आम्हाला झाकण लागलं नसतं. पण हा माणूस मनात जे येईल ते कागदावर उतरवतो आणि मनात फार वाईट गोष्टी येतात. बायकांची शरीरं मांड्या-पोटऱ्यांपुरती, एका गोष्टीत तर बाईला डोकंच नाही. कृष्णवर्णीयांची चित्रं जुन्या अमेरिकी चेष्टाचित्रांसारखी, जाड ओठांची. ‘माझ्या डोक्यात या देशानं भरलेला कचरा मी दाखवतोय’ अशी त्याची बाजू. मात्र नव्वदच्या दशकात त्यानं उपरोधानं काढलेल्या अशाच गोष्टी एका वंशद्वेष्ट्या पत्रानं खऱ्या मानून, कौतुकानं छापल्या. उपरोध करणाऱ्याच्या वाट्याला याहून वाईट काय यायचं!

कमिटीची बैठक दोन तास चालली.

पहिला आक्षेप, “श्रावणात?” हा निकाली काढायला वीस मिनिटं लागली.

दुसरा आक्षेप आमच्या एका जुन्या सभासदाचा. ते मिरजेला राहतात. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या एका चित्रावरून मिरज-सांगलीत काय झालं ते त्यांनी दारातून पाहिलेलं. “चित्र कुठल्या देशातलं आहे ते कोण विचारत नाही हो,” एवढंच ते म्हणाले. हॉलवाल्याला शोभेलसं काहीतरी गुळमुळीत मी बोललो, पण त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. तो मात्र ऐकण्यासारखा होता, कारण आमचे वकीलसाहेब मराठी वाङ्मयातले अश्लीलतेचे खटले लोणच्यासारखे चाखत सांगतात. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली ‘श्यामा’ ही काकोडकरांची गोष्ट. तिच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. मी म्हणालो, मग झालं की! आणि आपला खेळ तर सभासदांपुरता आहे, खाजगी. यावर साहेबांनी चष्मा काढला. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची गांधींवरची कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात आली होती. अंकही सभासदांपुरता, खाजगी वितरणासाठी. तरी खटला झाला, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं माफी मागितलेल्या संपादकाला मोकळं केलं, कवीनं मात्र खटल्याला सामोरं जावं म्हणून सांगितलं. “तेव्हा सभासदांपुरतं या शब्दाच्या आड सचिवानं उभं राहू नये. मावणार नाही.” भारतीय दंड विधानाचं २९२ कलम आता न्याय संहितेत २९४ झालंय, हेही त्यांनी जाताजाता सांगितलं.

चित्रकलेचे निवृत्त सर बाजूनं होते. ते म्हणाले, किर्लोस्करवाडी इथून किती लांब आहे? शंकरराव किर्लोस्करांनी तिथून १९२० साली मासिक काढलं आणि स्वतःच्या हातानं व्यंगचित्रं काढून भटजी, हुंडा, सोवळंओवळं कशाकशाची टर उडवली. लोकांना तेव्हा काय आवडलं असेल? आणि ‘आवाज’ दिवाळी अंकाची खिडकी? ती तर आपण सगळ्यांनी सोफ्यामागे बसून उघडली आहे.

खिडकीच्या उल्लेखानं बैठकीत पहिल्यांदा हसू आलं. पण मला वाटतं सरांचा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधल्या खिडकीचित्राची सगळी गंमत पान उलटण्यात आहे. कापलेल्या चौकोनातून दिसतं भलतंच, आणि पान उलटलं की कळतं बाई नुसती कणीक तिंबतेय. चावटपणा चित्रात नव्हता, तुमच्या मनात होता, असं म्हणून संपादक नामानिराळा. मराठी चावटपणाला अशी सुटकेची खिडकी लागते. क्रम्बकडे पान उलटलं तर मागे त्याहून वाईट असतं, आणि शेवटच्या चौकटीत तोच घामाघूम होऊन उभा, ‘हो, माझ्याच मनात आहे’ म्हणत. आपल्याकडे या जातीची कबुली व्यंगचित्रात फारशी नाही. आत्मकथनात आहे.

शेवटी तडजोड निघाली. आमच्या मंडळात तडजोड म्हणजे कोणालाच नको असलेली गोष्ट. चित्रपटात तीन ठिकाणी ही चित्रं भरपडद्यावर येतात. त्या वेळा लिहून ठेवायच्या आणि तेवढ्यापुरतं भिंगापुढे काही धरायचं. पूर्वी तंबूतल्या थेटरात ऑपरेटर हात घालायचे तसं. आमंत्रणावर मी ठळक लिहिलं, ‘फक्त प्रौढांसाठी. काही चित्रं आक्षेपार्ह वाटू शकतात.’ मला वाटलं, आता सगळी काळजी घेतली.

एक्केचाळीस जण आले. पावसाच्या मानानं बरेच.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. क्रम्बला १९२०-३० च्या जुन्या ब्लूजच्या तबकड्या जमवायचा नाद आहे. तो एक तबकडी लावतो, आडवा होतो आणि ऐकत राहतो. हे संगीत ऐकतो तेव्हाच आपल्याला माणसांबद्दल काही प्रेम वाटतं, असं काहीसं म्हणतो. मिरजेचे आमचे सभासद इथं पुढे सरकून बसले. त्यांच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या आहेत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, खरखर तेवढीच, आणि त्या खरखरीतून सूर वर येतो. बैठकीत सर्वांत जास्त धास्तावलेले तेच होते, आणि त्या क्षणी पडद्यावरच्या माणसाशी त्यांचं नातं जुळलं, हे मागून नुसत्या मानेवरून कळत होतं.

दुसरी जागा विजेच्या खांबांची. क्रम्बनं गावाबाहेरच्या रस्त्यांचे साधे फोटो मुद्दाम काढून आणवलेले आहेत, खांब, तारा, दिवे, पाट्या. तो म्हणतो, हे रोज दिसतं पण आठवून काढता येत नाही, कारण हे कोणी बघायला म्हणून उभं केलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी मारुती रोडवर मान वर करून उभा राहिलो. एका खांबावरून सत्तावीस तारा मोजल्या, मग कुत्रं भुंकायला लागलं.

आणि मग पहिलं झाकण. ती जागा १९६९ सालच्या एका गोष्टीची. वरकरणी सुखी अमेरिकी कुटुंब आणि आत रक्ताच्या नात्यांतलाच व्यभिचार. न्यूयॉर्कमध्ये हा अंक विकणाऱ्यांवर खटलाही झाला होता. पडद्यावर डिअर्ड्रे इंग्लिश या पत्रकार त्या गोष्टीबद्दल बोलत असतात. सुरुवातीला हा उपरोध आहे हे त्या मान्य करतात, पुढे तो उपरोध राहत नाही, चित्रकार स्वतःच त्यात रमतो, असा त्यांचा मुद्दा. आता पडदा काळा. आवाज चालू. अंधारात एक बाई अत्यंत गंभीर स्वरात चौकटीमागून चौकट वर्णन करतेय आणि एक्केचाळीस माणसं मनातल्या मनात चित्रं काढतायत. प्रत्येकाचं आपापल्या कुवतीप्रमाणे. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मूळ चित्रं काळीपांढरी आणि बारीक रेघांची आहेत, बघायला मन घट्ट करावं लागतं. आमच्या झाकणामुळे ती चावट झाली.

त्याहून मोठी चूक वेगळीच. आपल्या नायकाविरुद्धचा पुरावा हा चित्रपट स्वतःच मांडतो. एकीकडे रॉबर्ट ह्यूज हे कलासमीक्षक त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा ब्रॉयगल (सोळाव्या शतकातला नामांकित चित्रकार) म्हणतात, दुसरीकडे या बाई त्याच्या विकृतीवर बोट ठेवतात, दिग्दर्शक मध्ये पडत नाही. आम्ही नेमका तो पुरावा झाकला. कौतुक उजेडात राहिलं, तक्रार अंधारात. बायकांच्या बाजूनं म्हणून धरलेल्या झाकणानं बायकांचीच साक्ष कापली. तिसऱ्या वेळेपर्यंत पोराचा हात भरून आला, झाकण तिरकं झालं, अर्धं चित्र दिसलं. कोणी काही बोललं नाही.

मॅक्सनच्या प्रसंगाला मात्र सभागृह उठून बसलं. हा धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कळकट खोलीत राहतो, खिळ्यांच्या फळीवर बसतो, रस्त्यावर भीक मागतो, आणि आतडी साफ करायला लांबच लांब कापडाची पट्टी गिळतो. आमच्या योगवर्गाच्या ताई मोठ्यानं म्हणाल्या, “अहो, ही वस्त्रधौती!” आणि लगेच, “पण चुकतोय तो. धौतीचं वस्त्र तोंडानंच परत काढायचं असतं. हा पार खालून बाहेर काढायचं म्हणतोय.” फिलाडेल्फियाच्या त्या घरातलं दुःख सांगलीला पोचलं ते या रस्त्यानं, कोणाला सांगून पटणार नाही.

थोरला भाऊ चार्ल्स. रॉबर्टपेक्षा वर्षभरानं मोठा. आईबरोबर राहतो, घराबाहेर जवळजवळ पडत नाही, गोळ्यांवर जगतो, जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. लहानपणी सगळ्या भावंडांना जबरदस्तीनं कॉमिक्स काढायला बसवणारा हाच. ‘ट्रेझर आयलंड’च्या वेडानं झपाटलेला. रॉबर्ट आज जो आहे तो याच्यामुळे, हे रॉबर्टच सांगतो. पुढे चार्ल्सच्या पानांवरची अक्षरं वाढत जातात. आधी फुग्यात मावतात, मग फुगे चित्रांवर चढतात, आकृत्यांच्या अंगावर सुरकुत्यांच्या रेघाच रेघा येतात, मग आकृत्या कोपऱ्यात जातात, मग चित्रं संपतात. उरतात वह्या, ओळीमागून ओळ, अक्षरांसारख्या दिसणाऱ्या बारीक खुणा. कॅमेरा पानं उलटताना बघतो. आमच्या सभागृहात तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

चार्ल्स बोलतो मात्र फार छान. थंडपणे, मजेत, स्वतःबद्दल कसलीही दया न दाखवता. शेजारच्या खोलीतून आईचा आवाज येतो. शेवटी पडद्यावर दोन ओळी येतात. चित्रीकरणानंतर वर्षभरात चार्ल्सनं आत्महत्या केली. आणि रॉबर्टच्या दोन बहिणींनी मुलाखत द्यायला नकार दिला.

दिवे लागले तेव्हा चहा गार झाला होता. कोणी कपाला हात लावेना. चित्रकलेचे सर छत्री शोधत होते, छत्री त्यांच्या हातातच होती. जिना उतरताना मला म्हणाले, “त्या थोरल्याच्या वह्या राहिल्या असतील का रे कुठं?” सरांचं घर गावभागात. २०१९ च्या पुरात त्यांची पेटी गेली, एवढं मला माहीत होतं. पेटीत कोणाची चित्रं होती ते मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

चर्चेत एकच प्रश्न खरा निघाला. कॉलेजात मराठी शिकवणारी आमची सर्वांत तरुण सभासद उठली. “तो कृष्णवर्णीय बाईचं तसं चित्र काढतो आणि म्हणतो, हा माझ्या समाजाचा मळ आहे. उद्या आपल्यातल्या एखाद्या सवर्ण चित्रकारानं दलित बाईचं तसं चित्र काढलं आणि हेच म्हणाला, तर आपण खेळ लावू का? आणि लावला तर पुढच्या रांगेत कोण बसेल?” वकीलसाहेबांनी कायद्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तिनं ते हातानंच थांबवलं. माझं उत्तर आजही अर्धंच आहे. चित्र दाखवेन, चित्रकाराची सफाई तेवढीच पुरेशी मानणार नाही. तिला ते पळवाट वाटलं, आणि त्यात तथ्य आहे.

सोमवारी पत्र आलं. बंद पाकिटात, शाईनं लिहिलेलं, आमच्या एका काकूंचं. मी उघडताना मनात उत्तर जुळवत होतो, अश्लीलतेबद्दलचं. काकूंनी चित्रांचा उल्लेखही केला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, आमंत्रणावर चित्रांची सूचना होती, या मुलाची का नव्हती? आणि खाली एक ओळ, त्या आईला कोणी विचारलं होतं का?

काकूंच्या घरची गोष्ट मी इथं लिहिणार नाही. सांगलीत सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी बोलत नाही, तेवढं पुरे.

आम्ही झाकण चुकीच्या ठिकाणी धरलं होतं, असं मी पुढच्या बैठकीत म्हणालो. यावर एकजण म्हणाले, म्हणजे चार्ल्सवर धरायचं होतं का? नाही. कुठंच नाही. पण सांगायचं होतं आधी. ‘यात एका माणसाचा शेवट आत्महत्येत होतो’ एवढी ओळ लिहायला शाई लागत नव्हती. आमच्या सगळ्या सावधगिरीचा रोख मंडळावर बालंट येऊ नये याकडे होता, बघणाऱ्याला काय होईल याकडे नव्हता. कायदा, श्रावण, कमान या सगळ्या बाहेरच्या भीती. आता आमच्या आमंत्रणावर तशी ओळ असते, आणि गरज असेल तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही.

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नावर मी बरेच दिवस घुटमळलो. चित्रपटाचा दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ हा क्रम्बचा जुना मित्र, त्याच्याच बँडमध्ये वाजवणारा. कितीतरी वर्षं खपून, पाठदुखीनं आणि पैशांच्या ओढाताणीनं जेरीस येऊन त्यानं हा चित्रपट पुरा केला. परका कॅमेरा त्या खोलीत शिरलाच नसता. मित्र होता म्हणून दार उघडलं, आणि मित्र होता म्हणूनच त्यानं जरा कमी बघायला हवं होतं, असंही म्हणता येतं. बहिणी नाही म्हणाल्या, ते नाही त्यानं पाळलं आणि पडद्यावर लिहिलंही. चार्ल्स हो म्हणाला. गोळ्यांच्या अमलाखालच्या माणसाचा होकार किती धरायचा? मला तरी अख्ख्या चित्रपटात सर्वांत शुद्धीवरचा माणूस तोच वाटतो. आणि हा चित्रपट नसता तर रॉबर्ट क्रम्बला चित्र काढायला कोणी बसवलं, हे जगाला कळलं नसतं. आईच्या बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

१९९५ मध्ये सनडान्सला या चित्रपटानं माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं. ऑस्करला नामांकनसुद्धा नाही. निवड समितीनं तो अर्ध्यातूनच बंद केल्याचं तेव्हा छापून आलं होतं, पुढे त्या निवडपद्धतीवर बरीच टीका झाली. आम्ही निदान शेवटपर्यंत चालवला, असं वकीलसाहेब म्हणाले. त्यांना वाटलं मी हसेन.

काकूंना मी दोन पानी उत्तर लिहिलं. सूचनेबद्दल चूक कबूल केली. आईबद्दल, तुमचं बरोबर असेल असं लिहिलं. आणि तरी चित्रपट दाखवला याचं मला वाईट वाटत नाही, हेही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. या वर्षीची वर्गणी भरून महिना झाला, पावती अजून मिळाली नाही, म्हणाल्या.